पिंजऱ्याआधी पंखा

"कुठला कलर पाहिजे?" पक्ष्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच. ग्रे, लुटिनो, पर्ल, पाइड... दुकानदार एकेका पिंजऱ्यावर बोट ठेवत पुढे सरकतो आणि भाव चढत जातो. मुंबईच्या उपनगरातलं हे दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. खाली माशांच्या टाक्या, मधल्या फळीवर 'लव्हबर्ड' म्हणून सर्रास विकली जाणारी बजरीगरची गर्दी, आणि वर, डोळ्यांच्या पातळीला, तुरेवाले कॉकाटील. समोर एक बाबा, सातवी-आठवीतली मुलगी आणि दिवाळीची सुट्टी. मुलीला पिवळा हवा आहे. बाबांना 'बोलणारा' हवा आहे. दुकानदार दोघांनाही हो म्हणतो.

सगळ्यांत स्वस्त असतो ग्रे. गंमत अशी की ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात, पाण्याच्या मागावर थवे करून भटकणारा मूळ पक्षी तोच: राखाडी अंग, पंखावर पांढरा पट्टा, नराचा चेहरा पिवळाधमक आणि गालावर नारिंगी टिकला. बाकीचे रंग माणसाने पिंजऱ्यात जपले आणि वाढवले. पाइड विसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियात निपजला, लाल डोळ्यांचा फिकट पिवळा लुटिनो १९५८च्या सुमारास फ्लोरिडात, ठिपक्यांचा पर्ल त्यानंतर जर्मनीत. पर्ल नराचे ठिपके पहिल्या पीसगळीनंतर बहुधा नाहीसे होतात, हे दुकानात कुणी सांगत नाही. लुटिनोच्या तुऱ्यामागे टक्कल असू शकतं आणि रात्री दचकून पिंजऱ्यात फडफडण्याचा त्रास या रंगात जास्त दिसतो, हेही नाही. रंग बघून पक्षी घेणारा माणूस पिशवी बघून तांदूळ घेतो.

कॉकाटील हा काकाकुवांच्या कुळातला सर्वांत लहान पक्षी. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत फूटभर, त्यातली निम्मी शेपटीच. वजन ८० ते १०० ग्रॅम, म्हणजे बिस्किटाच्या मध्यम पुड्याएवढं. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. सातवीतली मुलगी तेव्हा तिशीकडे झुकलेली असेल, बहुधा दुसऱ्या गावात. हा हिशेब पिंजऱ्याच्या किमतीआधी मांडायला हवा.

हा पक्षी आपल्याकडे इतका पसरला त्यामागे कायद्याचाही हात आहे. मराठी घरांच्या ओसरीत आणि चाळींच्या गॅलरीत पिंजऱ्यातला मिठू पिढ्यान्‌पिढ्या होता. मिरची, पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि 'विठू विठू'. पण तो आपला रानातला पोपट. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, मग तो आजीच्या काळापासून घरात का असेना. कॉकाटील परदेशी. ऑस्ट्रेलियाने १९६० साली आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली, त्यामुळे आज जगात विकला जाणारा कॉकाटील पिंजऱ्यातच जन्मलेल्या कित्येक पिढ्यांचा वंशज असतो. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइटस करारात पोपटांचं जवळजवळ सगळं कूळ नोंदलेलं आहे. वगळल्या आहेत त्या मोजक्या जाती: बजरीगर, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड, कॉकाटील आणि चौथा आपला मिठू. म्हणजे साइटसच्या यादीत नसलेला मिठू भारतात पाळता येत नाही, आणि मकाव किंवा आफ्रिकन ग्रे पाळायचा तर सरकारकडे नोंदणी करावी लागते. कॉकाटीलला यातलं काही लागू नाही. दुकानाला मात्र लागू आहे. २०१८च्या नियमांनुसार प्राणी-पक्षी विकणाऱ्या दुकानाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदणीचा कागद बघायला मागा. दुकानदाराचा चेहरा कसा होतो त्यावरून बरंच कळतं.

पुन्हा दुकानात येऊ. रंग ठरला की दुसरा सल्ला तयार असतो: "हँडफीडवाला घ्या साहेब, हातानं भरवला की लळा लागतो." मग काउंटरखालून प्लास्टिकचा टब निघतो. भुशात चार पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली. अंगावर पिसांऐवजी काटेच काटे, कारण पिसं अजून आवरणातून पुरती सुटलेली नाहीत. शेपटी आखूड, चोच गुलाबी, तुरा म्हणजे चारदोन उभ्या काड्या. बोट जवळ नेलं की मान वरखाली हलवत, करवतीसारख्या एकसुरी आवाजात भूक मागतात. मुलगी तिथेच विरघळते. दुकानदार एक सिरिंज, पावडरीचा डबा आणि 'दिवसातून चार वेळा' एवढी सूचना देऊन मोकळा होतो.

माझ्या मते या धंद्यातली सर्वांत वाईट प्रथा हीच. ढोलीतल्या पिल्लांना आई-बाप दोघंही भरवतात. अंड्यांवरही दोघं आळीपाळीने बसतात, बहुतेक दिवसा नर आणि रात्री मादी. पिल्लं चार-पाच आठवड्यांत उडायला लागतात, पण आपलं आपण पोटभर खायला आठ ते दहा आठवडे लागतात. मधल्या काळात सिरिंज धरणाऱ्या हाताला अनुभव लागतो. पेजेसारखं कालवलेलं खाणं चाळीस अंशांच्या आसपास कोमट हवं. थोडं गार झालं तर गळ्याखालच्या पिशवीत तसंच राहून आंबतं, थोडं जास्त गरम झालं तर ती पिशवी आतून भाजते, आणि सिरिंज चुकीच्या कडेने गेली की खाणं थेट श्वासनलिकेत. पक्ष्यांवर उपचार करणारे एक डॉक्टर सांगत होते, "सुट्टीत घेतलेलं पिल्लू सुट्टी संपायच्या आत माझ्या टेबलावर येतं. पालक म्हणतात, कालपर्यंत मस्त खात होता." आणि लळ्याचं म्हणाल तर तो भरवण्याने लागतो हे अर्धसत्य आहे. आपलं आपण खाणारा, पण लहानपणापासून माणसांच्या हातात वावरलेला तीन महिन्यांचा पक्षी तितकाच माणसाळतो. असा पक्षी दुकानापेक्षा घरगुती पैदास करणाऱ्यांकडे मिळण्याची शक्यता जास्त. त्यांच्याकडे आई-बाप बघता येतात, आणि पायात बंद कडी असेल तर तिच्यावर जन्मसालही वाचता येतं.

घ्यायचं ठरलं तर पिंजऱ्याला नाक लावून उभं राहू नका. माणूस जवळ आला की आजारी पक्षीसुद्धा ताठ होतो. ज्याची शिकार होते त्या जिवाची ही जुनी खोड, अशक्तपणा दाखवायचा नाही. चार पावलं मागे सरकून दहा मिनिटं बघा. अंग फुलवून एका कोपऱ्यात बसलेला, श्वासागणिक शेपटी खालीवर होणारा, नाकपुड्या ओलसर असलेला, शेपटीखाली पिसं चिकटलेला पक्षी कितीही देखणा असो, नको. दयेपोटीही नको, त्या जागी उद्या दुसरा येतो. खाताना बघा. नुसती चोच दाण्यांत फिरवतोय की टरफलं काढून गिळतोय? मग पिंजऱ्याच्या तळाचा कागद बघा. निरोगी विष्ठेत तीन भाग वेगळे दिसतात: हिरवट-तपकिरी वळी, तिच्यावर पांढरा चुन्यासारखा ठिपका आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. पांढरा भाग पिवळा-हिरवा दिसला तर यकृताचं दुखणं असू शकतं. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस नावाचा जंतुसंसर्गही याच वाटेने घरात येतो. उत्तम म्हणजे पक्षी घ्यायच्या आधी पक्ष्यांचा डॉक्टर शोधून ठेवा. मुंबई-पुण्यात ते सापडतात. तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले असतात, पण शंभर ग्रॅमच्या जिवाला किती औषध द्यायचं हे रोजच्या सवयीचं काम आहे.

नर की मादी? ग्रे रंगात सहा ते नऊ महिन्यांनंतर नराचा चेहरा पिवळा होतो, मादीच्या शेपटीखाली आडव्या रेषा राहतात. त्याआधी आणि बाकीच्या बऱ्याच रंगांत कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते सोडून द्या. पिसावरून डीएनए चाचणी होते. शिट्ट्या, नक्कल, एखाददुसरा शब्द हे बहुतेक नरांचं काम. मादी शांत असते. बाबांना हवा असलेला 'बोलणारा' मिळाला तरी तो मैनेसारखं बोलणार नाही. शिट्टी मात्र सुरेख घालेल. जपानमधल्या आइची विद्यापीठातले संशोधक योशिमासा सेकी यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिकवलेल्या धूनचं ध्वनिमुद्रण लावल्यावर कॉकाटील त्याच्या बरोबरीने, वेळ आणि स्वर जुळवून गायले. आपल्याकडचे पक्षी प्रेशर कुकर आणि मोबाइलची रिंग शिकतात, कारण घरात तेच जास्त वाजतं.

आता घराकडे वळू, कारण खरी निवड तिथे होते. मराठी मध्यमवर्गीय घर या पक्ष्याच्या नजरेने पाहिलं तर पहिला शत्रू डोक्यावर फिरतो. छताचा पंखा. कॉकाटील हा लांब पल्ल्याचा, सरळ आणि वेगात उडणारा पक्षी. खोलीत सोडला की घाबरून वर झेपावतो. सराईत पाळणाऱ्यांच्या घरी पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी असते, पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद, खिडकीला जाळी, आरशावर चादर, आणि भांड्यांत उघडं पाणी नाही. पिंजरा नंतर घेता येतो. ही शिस्त घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, आधी लागली पाहिजे.

दुसरा शत्रू हवा. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी ही रचना नामी आहे, पण हवेतलं विषही ती तितक्याच तत्परतेने आत घेते. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीतला पक्षी मिनिटांत मरू शकतो, आणि माणसाला वासही आलेला नसतो. उदबत्ती, धूप, कापूर, मच्छरांची कॉइल, रूम फ्रेशनर, भिंतींचा ताजा रंग ही त्याच रांगेतली मंडळी. आता दिवाळी आठवा: घराला नवा रंग, चोवीस तास उदबत्ती, फराळाच्या तेलाचा धूर, बाहेर फटाके. वर पाहुण्यांची ये-जा आणि चिवड्याचा दाणा चोचीत देणारे आजोबा. नव्या पक्ष्याला घरी आणायला वर्षातला याहून वाईट आठवडा नाही. दुकानांत गर्दी नेमकी याच दिवसांत असते. दिवाळी अंकात हे लिहिणं औचित्याला धरून नाही, पण पक्षी कार्तिकी एकादशीनंतर आणा.

गॅलरीचा मोहही टाळायला हवा. तिथे 'मोकळी हवा' मिळते, पण कावळे पिंजऱ्याच्या गजांतून चोची घालतात, रात्री उंदीर येतात आणि दुपारचं ऊन एका बाजूला हटायला जागा ठेवत नाही. पिंजरा हॉलमध्ये, एका बाजूला भिंत, डोळ्यांच्या उंचीवर. रुंदी निदान दोन फूट, उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, गजांतलं अंतर दीड ते दोन सेंटीमीटर. घुमटाचा गोल पिंजरा दिवाणखान्याला शोभतो, पक्ष्याला लपायला कोपरा देत नाही. स्वस्त जस्ताच्या तारा चोचीने सोलल्या की जस्त पोटात जातं. सोबत मिळणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या, कडुनिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या धुऊन लावा. पायांना व्यायाम आणि चोचीला साल सोलायचा उद्योग मिळतो. बिया विकणाऱ्याकडचा समुद्रफेस गजाला अडकवला की कॅल्शियमची सोय झाली.

आणि धूळ. कॉकाटीलच्या काही पिसांचा सतत भुगा होतो आणि तो पांढऱ्या पावडरीसारखा टीव्हीवर, कपाटावर, काळ्या सोफ्यावर बसतो. घरात दम्याचं माणूस असेल तर आधी कुणाच्या कॉकाटीलजवळ तासभर बसवून बघा. पाहुणे म्हणून एक कप चहा प्यायला गेलात तरी पुरे.

पहिल्या दिवसाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण बहुतेक घरं तिथेच घाई करतात. पक्षी सकाळी आणावा. नवा पिंजरा, दांड्या, पाण्याची वाटी कुठे आहे हे त्याला उजेडात शिकता आलं पाहिजे. दुकानातून तो जे खात होता तेच खाणं अर्धा किलो घ्यावं, भले ते नुसतं कांगणी आणि बाजरी असो. आहार सुधारायला पुढे महिने आहेत. घरी आणल्यावर दार उघडून पिंजऱ्यात सोडायचा आणि सगळ्यांनी आपापल्या कामाला लागायचं. शेजारच्यांना दाखवायला बोलवायचं नाही. व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आत्याला दाखवायचं नाही. तो पहिले काही तास पुतळ्यासारखा बसेल, कदाचित खाणारही नाही. दुसऱ्या दिवशीही दाण्याला तोंड लावलं नाही तर मात्र डॉक्टरला फोन.

एका ओळखीच्या घरी आणलेला पक्षी पहिले तीन दिवस पाठ करून बसला होता. घरातल्या काकू दुपारी पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून, त्याच्याकडे न बघता, मटार सोलत बसायच्या. टपोऱ्या शेंगेचा 'टक' असा आवाज झाला की तुरा उभा राही, मग हळूहळू खाली येई. चौथ्या दिवशी तो दांडीवरून सरकत काकूंच्या बाजूच्या टोकाला आला. काकूंनी गजांतून एक दाणा पुढे केला. त्याने तो घेतला, पाडला आणि दुसऱ्यासाठी थांबला.

तुरा वाचायला शिकणं हीच पहिल्या महिन्याची कमाई. ताठ उभा म्हणजे दचकला आहे किंवा कान टवकारले आहेत. अर्धवट मागे झुकलेला म्हणजे निवांत. डोक्याला चापून चिकटलेला आणि सोबत फुत्कार म्हणजे बोट मागे घ्या. संध्याकाळी चोच घासल्याचा बारीक आवाज आला तर समजा, झोप येतेय आणि बरं वाटतंय. आपण खोलीबाहेर गेलो की तो हाक मारतो. हा थव्यातला पक्षी, कोण कुठे आहे याची हजेरी घेतो. आतल्या खोलीतून एक ठरावीक शिट्टी परत दिली की बहुतेक वेळा गप्प होतो. "अरे गप्प बस" म्हणत बाहेर धावत आलात तर ओरडल्यावर माणूस येतो हे तो शिकतो. झोप मात्र दहा-बारा तास, अंधारात. रात्री साडेदहापर्यंत मालिका चालू असलेल्या हॉलमध्ये ते जमत नाही. मग झोपेसाठी आतल्या खोलीत छोटा पिंजरा ठेवावा, मंद दिव्यासह, म्हणजे रात्री दचकला तरी दांडी दिसते.

खाण्याबद्दल थोडक्यात. नुसत्या बियांवर पक्षी वर्षानुवर्षं जगल्यासारखा दिसतो, पण अ जीवनसत्त्वाची उणीव आणि यकृतावरची चरबी आतून पोखरते. सूर्यफुलाच्या बिया बक्षिसापुरत्या. पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) हळूहळू मिसळावेत. उपाशी ठेवून सवय लावायची नाही. किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मोड आलेले मूग स्वच्छ धुऊन. शेवग्याची डहाळी पिंजऱ्यात टांगली की खाणं आणि खेळणं दोन्ही होतं. अव्हाकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारट-तळकट पूर्ण बंद. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला काटा असेल तर आठवड्यातून दोनदा सकाळी वजन. दहा टक्के उतरलं तर पक्षी आजारी आहे, तो तसं दाखवत नसला तरी.

एक आणावा की दोन? दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात दिवसाचे दहा तास एकटा राहणारा पक्षी पिसं उपटू लागतो. जोडी एकमेकांत रमते, माणसांकडे कमी बघते. हा सौदा मान्य असेल तर दोन आणा, पण दुसरा नंतर येत असेल तर महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवून. एकटी मादीही नराशिवाय अंडी घालते. एकामागून एक घालत राहिली तर कॅल्शियम संपतं, अंडं आत अडकतं आणि जीव जातो. म्हणून ढोलीसारखी पेटी, मडकं, कपाटाचा अंधारा कोपरा तिला मिळू द्यायचा नाही.

आणि कंटाळा आला तर 'मुक्त' करायचा नाही. पुण्य म्हणून सोडलेला किंवा खिडकीतून निसटलेला कॉकाटील आपल्या शहरांत एकटा तगत नाही. कावळे, मांजरं आणि भूक मिळून काम तमाम करतात. पक्षी वाचवणाऱ्या संस्थांना 'बाल्कनीत तुरेवाला पोपट आलाय' असे फोन येतच असतात. त्यांतल्या बऱ्याच पक्ष्यांना परत न्यायला कुणी येत नाही.

यातून एक वेगळी वाट निघते, आणि मला ती नव्या पिल्लापेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. डोंबिवलीतल्या एका निवृत्त जोडप्याने दुकानं पालथी घातली, वीस वर्षांचा हिशेब केला आणि नकार दिला. "आमचंच वय बघा," काका म्हणाले. मग त्यांच्याच सोसायटीतलं एक कुटुंब कॅनडाला निघालं, आणि त्यांचा नऊ वर्षांचा ग्रे नर या दोघांकडे आला. माणसाळलेला, ठरलेल्या सवयींचा, आजार असतील ते माहीत असलेला. देणाऱ्या घरातल्या मुलाने वहीच्या पानावर सूचना लिहून दिल्या होत्या, त्या काकांनी फ्रिजवर लावल्या आहेत. झोप साडेआठला. भोपळा खातो, गाजर फेकतो. लाल बादली दाखवू नये. पंख्याच्या बटणाची पट्टी काढू नये. आणि शेवटची: मोबाइल वाजल्यासारखा वाटला तर आधी पिंजऱ्याकडे बघा, मग उठा.